लॅमिंग्टन रोड : आधी खोलून तर बघू!

पाटीवर नाव आहे 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग'. पण टॅक्सीवाल्याला हे सांगून बघा. तो आरशातून तुमच्याकडे बघत विचारणार, 'किधर?' 'लॅमिंग्टन रोड' म्हणा, मीटर डाऊन! लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचा गव्हर्नर होता १९०३ ते १९०७. त्याचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे ते कॉम्प्युटरवेड्या पब्लिकमुळे, असं आपलं माझं मत.

ट्रेनने येणार असाल तर ग्रँट रोडला उतरा, पूर्वेला बाहेर पडा आणि चालत सुटा. आई-बाबांच्या पिढीसाठी हा इलाखा थिएटरांचा. १९७५ मध्ये इथल्या मिनर्व्हात 'शोले' लागला आणि पाच वर्षं उतरलाच नाही. मिनर्व्हा आता नाही. गर्दी आहे, पण ती ग्राफिक्स कार्डाचा भाव विचारायला येते.

मॉलमधल्या एसी शोरूमची सवय असेल तर पहिली पाच मिनिटं डोकं भणभणतं. फुटपाथवर केबल, रिमोट, अडॅप्टरचे ढीग. त्यामागे दुकानं, दुकानांमागे बोळ, बोळात जिना आणि जिना चढलात की अजून गाळे! एका गाळ्यात फक्त सीसीटीव्ही, दुसऱ्यात नुसते पंखे (कॉम्प्युटरचे हो!), तिसऱ्यात रेझिस्टर आणि कपॅसिटर छोट्या छोट्या खणांत, किराणा दुकानातल्या डाळींसारखे. सबमिशन उद्यावर आलेली इंजिनीअरिंगची पोरं इथे लांबूनच ओळखू येतात. घामाघूम, हातात चुरगळलेली यादी.

इथला क्लासिक खेळ म्हणजे 'असेंबल्ड' मशीन. फंडा साधा आहे. यादी घेऊन तीन दुकानांत कोटेशन काढायचं, मग चहा पीत कुठला पार्ट कुठून घ्यायचा ते ठरवायचं. प्रोसेसर आणि मदरबोर्डचा सॉकेट जुळतोय ना, ते आधी बघा. आणि पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. सगळे जण तिथेच पैसे वाचवतात आणि तो गेला तर कधीकधी शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. बिनबिलाचं स्वस्त पडतं खरं, पण सहा महिन्यांनी वॉरंटीसाठी भांडणार कोणाशी? भाव मात्र रोज वेगळा. एआयवाल्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की इथले लोक सोन्याशी तुलना करायला लागले.

पण खरं सांगू? मी इथे येते ती दुरुस्तीवाल्यांसाठी.

माझा २०१६ चा लॅपटॉप चार्ज होईना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. गुळगुळीत काउंटर, टोकन नंबर, हसरा मुलगा. निदान : 'मदरबोर्ड बदलावा लागेल, मॅम. त्यापेक्षा नवीनच घ्या ना!' मशीन त्याने उघडलंसुद्धा नव्हतं. मग इथला पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा, टेबलावर मायक्रोस्कोप, हवेत सोल्डरचा वास. चाचांनी दहा स्क्रू काढले, मल्टिमीटर दोन-तीन ठिकाणी टेकवला आणि म्हणाले, 'मॅडम, सिर्फ जॅक गया है. बोर्ड एकदम ओके.' जुना जॅक काढून नवीन बसवला, आतली धूळ काढली, प्रोसेसरवर ताजी थर्मल पेस्ट लावली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. नऊशे रुपये.

यात पैसे वाचले हा बोनस. मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. काउंटरवर मला उत्तर मिळालं होतं, इथे कारण मिळालं. माझ्या बॅगेत रोज ओझं होऊन फिरणाऱ्या वस्तूच्या पोटात काय आहे ते मी पहिल्यांदा नीट बघितलं.

आता वस्तूच अशा येतात की पोटात बघायची सोय नाही. रॅम बोर्डाला सोल्डर केलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू असे की घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. स्लिम हवं, वॉटरप्रूफ हवं म्हणून करतो, असं कंपन्या सांगतात. थोडं खरंही असेल. पण दोन वर्षांत दमणारी बॅटरी गोंदात बसवायची आणि मग नवीन मॉडेलची जाहिरात करायची, हा योगायोग मला पटत नाही. ग्राहक मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण चाचांना पोर्टलपेक्षा सुटे पार्ट आणि सर्किटचे नकाशे हवेत.

काही रोगांवर तर चाचांकडेही औषध नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. माझा त्या यादीत नाही. नवीन जॅक, नवीन पेस्ट, मशीन टकाटक, आणि तरी कागदोपत्री म्हातारं! हे ऐकून चाचांच्या हाताखालचा पोरगा मान वर न करता म्हणाला, 'लिनक्स डाल दूँ?' टाक म्हटलं. पहिला आठवडा फाँटवरून चिडचिड झाली. आता हा लेख त्याच मशीनवर टाइप करतेय.

जाणार असाल तर रविवार टाळा, बहुतेक शटर बंद असतात. वीकडेला दुपारी ऑफिसातून सटका. डेटाचा बॅकअप घेऊनच मशीन द्या, चाचा कितीही ओळखीचे असले तरी. आणि जुना पार्ट मागून घ्या. माझा जळका जॅक डेस्कवर ठेवलाय, पेनांच्या डब्यात.