बंदुकीचे बिऱ्हाड

शिकारकथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला बंदुकीची पुष्कळ माहिती असते. मचाण कुठे बांधावे, हाकारा कुठून काढावा, वाऱ्याची दिशा कशी ओळखावी, हे सारे त्याने घरबसल्या, मांडीवर फराळाची बशी घेऊन वाचलेले असते. पण ती बंदूक शिकाऱ्याबरोबर प्रवास कशी करी, हे कोणी फारसे सांगत नाही. आगगाडीत ती कॅनव्हासच्या खोळीत, होल्डॉलच्या कुशीला पडून जाई. श्रीमंताघरची असली तर तिला आतून हिरवी बनात लावलेली लाकडी पेटी मिळे. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा शिकारीचा अध्याय मिटला आणि तो प्रश्नही मिटला. मला तो पुन्हा भेटला तो थेट अलास्कात, माझ्या मामेभावाच्या दिवाणखान्यात.

दादा वीसएक वर्षे अँकरेजला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले, तेव्हा वहिनींनी पहिल्याच दिवशी तळघरातले भलेमोठे शीतकपाट उघडून दाखवले. आपण मे महिन्यात तिखट, पापड, वर्षाचे धान्य भरतो, तशी तिथली कित्येक घरे हिवाळ्यापूर्वी मासे आणि मांस भरतात. शिकार हा तिथे राजेरजवाड्यांचा शौक नाही, बेगमी आहे. हरीण मारून नुसती शिंगे भिंतीवर लावायला आणणे हा तर कायद्याने गुन्हा. खाण्याजोगे मांस रानातून बाहेर आणलेच पाहिजे.

"यंदा मात्र कपाट अर्धे रिकामे आहे," वहिनी म्हणाल्या आणि दादाकडे पाहून गप्प झाल्या.

त्या गप्प बसण्यामागची हकीकत मला रात्री कळली. आदल्या वर्षी दादा आणि त्याचा शेजारी कोडियाक बेटावर हरणाच्या शिकारीला गेले होते. जाताना रायफल एका स्वस्त पेटीत घातली होती. पातळ प्लॅस्टिकची, बोटाने दाबली की दबणारी. विमानतळावर कुठेतरी पेटी आपटली असावी. रायफलीला ओरखडासुद्धा नव्हता, पण वरची दुर्बीण केसभर सरकली होती. दादाने दोनशे यार्डांवरून खांद्यामागे नेम धरला आणि गोळी लागली पोटाला. हरीण झाडीत शिरले. दोघांनी अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधले, दुसऱ्या दिवशी पावसात पुन्हा शोधले. ते सापडले नाही.

"केसभर म्हणजे किती रे?" मी विचारले.

दादा इंजिनिअर. त्याने कागद ओढला. एका अंशाचे साठ भाग करायचे. त्यातला एक भाग नेम चुकला, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारे एक इंच सरकते, दोनशेवर दोन. चार भाग चुकला तर दोनशे यार्डांवर आठ इंच. "आणि हरणाचे काळीज-फुप्फुस धरून जागाच तेवढी असते," तो म्हणाला. त्यापुढे तो बोलला नाही. यंदा तो पुन्हा जाणार होता, पण नवी पेटी घेतल्याशिवाय जाणार नव्हता. वहिनींची अट त्याहून कडक होती: पेटी चांगली मिळाली नाही तर मांस बाजारातून आणायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दुकानात गेलो. मराठी शिकवणाऱ्या बाईने बंदुकीच्या पेट्या पाहाव्यात यात काही गंमत असेल तर असो. मी सासरी येताना ट्रंक निवडायला याहून कमी वेळ लागला होता. पहिली पेटी होती गेल्या वर्षीच्याच जातीची. दुकानदाराने ती मिटून, कुलूप लावून टेबलावर ठेवली आणि कोपऱ्याला बोटे घालून उचकटली. फट पडली. तिच्यातून माझा हात आत गेला! अमेरिकेचा नियम असा, की विमानातून न्यायची बंदूक रिकामी असावी, ती टणक पेटीत असावी, पेटी कुलूपबंद असावी आणि आत कोणाचा हात पोचू नये. किल्ली प्रवाशानेच बाळगायची. मग कुलपाच्या भोकांपैकी एकच भरून भागत नाही. जितकी भोके तितकी कुलपे, म्हणजे कोपरा उचकटत नाही.

दुसरी पेटी ॲल्युमिनियमची. वजनाला हलकी, बिजागरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. वहिनींना ती आवडली. पण तिला पोचे पडतात, आणि कड वाकली की झाकण नीट बसत नाही. तिसरी जाड साच्यातल्या प्लॅस्टिकची, काळी, दणकट. कडेने कुकरला असते तशी रबरी पट्टी, एका टोकाला चाके आणि पुढच्या बाजूला एक छोटी झडप. ही झडप कशाला, हे मला कळेना. दुकानदाराने समजावले ते असे: विमानाच्या पोटात हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. घट्ट पेटीतली हवा वर असताना हळूहळू निसटली, तर खाली उतरल्यावर बाहेरची हवा झाकण असे दाबून धरते की उघडता उघडत नाही. झडप हवा आत-बाहेर करते, पाणी आत येऊ देत नाही. कुकर अडकून बसल्यावर आपण काय काय करतो ते आठवून मला ती झडप फार पटली.

दोष एकच, वजन. रिकामी पेटी बारा किलो, रायफल दुर्बिणीसकट चार. बऱ्याच विमान कंपन्यांची एका डागाची मर्यादा तेवीस किलोंची; म्हणजे उरले सात. दादाने बूट घालायचे ठरवले होते ते बेत रद्द केले आणि काळी पेटी घेतली. कुलपे मात्र त्याने साधी, जाड कडीची निवडली. तपासनिसांच्या सामाईक किल्लीने उघडणारी प्रवासी कुलपेही नियमात चालतात, पण दादाला ती नको होती.

खरे काम घरी होते. पेटीत चौकोनी तुकड्यांचा स्पंज असतो, तो बंदुकीच्या आकाराने कोरायचा. जेवणाच्या टेबलावर एकीकडे वहिनींच्या चकल्या आणि दुसरीकडे दादाची रायफल. दुर्बिणीखाली त्याने खाच मुद्दाम खोल घेतली, म्हणजे झाकणाचा किंवा रायफलीचा भार दुर्बिणीवर येऊ नये. खटक्याचा दांडा काढून त्याला निराळे घर केले. गोळ्या त्यांच्या खोक्यात, सुट्या एकही नाही. इतक्या मायेने मी मुलीच्या सासरची पाठवणी झालेली पाहिली आहे, दुसऱ्या कशाची नाही.

कोडियाकला रस्ता नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने, आणि विमानाने तास-सव्वा तास. अँकरेजच्या विमानतळावर काचेच्या कपाटात पेंढा भरलेली प्रचंड अस्वले उभी आहेत. त्यांच्याकडे पाहत शिकारी रांगेत उभे असतात. दादाने खिडकीवरच्या बाईंना सरळ सांगितले, "माझ्याजवळ बंदूक आहे." हे वाक्य मुंबईच्या विमानतळावर उच्चारले तर काय होईल, या विचाराने मी दोन पावले मागे सरले. बाईंनी शांतपणे एक कार्ड पुढे केले. बंदूक रिकामी असल्याची सही, कार्ड पेटीत, पेटीला कुलपे. तपासनिसाने चारही कोपरे ओढून पाहिले. फट पडली नाही. वहिनी घरीच राहिल्या होत्या. मी कोडियाक गाव पाहायला बरोबर निघाले होते.

बेटाचा सुमारे दोनतृतीयांश भाग १९४१ पासून संरक्षित आहे, तो तिथल्या अजस्र तपकिरी अस्वलांसाठी. हरणे मूळची तिथली नव्हेत. १९२४ पासून आणून सोडली आणि वाढली. गाव बंदराभोवती वसलेले, मासेमारीच्या बोटींनी गजबजलेले. मध्येच निळ्या घुमटांचे रशियन चर्च. पाऊस कोकणातल्यासारखा, फक्त बर्फाळ. पण दादाने आधी गाव पाहिले नाही. तो सरळ गावाबाहेरच्या चांदमारीच्या मैदानावर गेला. शंभर यार्डांवर कागद लावला आणि तीन गोळ्या झाडल्या. तीनही छिद्रे माझ्या तळव्याखाली झाकली गेली, जिथे असायला हवीत तिथेच. दादाने कागद घडी करून खिशात ठेवला.

पुढचा प्रवास पाण्यावर उतरणाऱ्या बीव्हर विमानाचा. १९४७ साली पहिल्यांदा उडालेल्या जातीचे हे विमान अजून तिथे टांग्यासारखे राबते. वैमानिकाने काळ्या पेटीकडे पाहून मान हलवली. त्याच्या पोटात टणक डाग मावत नाही. रायफल मऊ खोळीत घालून दादा आणि शेजारी गेले आणि पेटी माझ्या खोलीत राहिली. तीन दिवस मी तिच्यात काहीतरी ठेवून पाहिले. पुस्तक, छत्री, चकलीचा डबा. रायफलीच्या आकाराच्या त्या खाचेत दुसरे काहीच बसेना.

चौथ्या दिवशी ढग उचलले तेव्हा विमान परत आले. वहिनींचा फोन आधी मलाच. त्यांनी हरीण मिळाले का, हे विचारलेच नाही. "किती गोळ्या, ते विचार," म्हणाल्या.

"एक," दादा म्हणाला.

रायफल पावसाने निथळत होती. ओली बंदूक स्पंजात ठेवली की गंज धरतो, म्हणून दादाने ती पुसून, तेल लावून खुर्चीला टेकवली. पेटी रात्रभर उघडीच पडली होती.