येणे बारदान

नववीत इंग्रजीचा तास आला की माझ्या पोटात गोळा यायचा. त्यातून मला बाहेर काढणारे शाळेतले कुणी नव्हते, दुधनीच्या अडत बाजारातल्या एका दुकानाचे दिवाणजी होते. घरी कानडी, खतावणीत मराठी आणि इंग्रजी रेल्वेच्या बिल्टीपुरतं, असा त्यांचा हिशेब.

तुरीच्या सुगीत वडिलांबरोबर मीही बाजारात यायचो. सौदा होऊन पट्टी हातात पडेपर्यंत थप्पीवर बसून राहायचं. एकदा दिवाणजींनी जुनी बिल्टी पुढं केली. ''तम्मा, वाच बघू हे.''

जी, यू, दोन एन, वाय. ''गुन्नी,'' मी म्हणालो. पोती शिवणारा हमालही दाभण थांबवून हसला.

''गनी,'' दिवाणजी म्हणाले. ''आणि बसलायस कशावर?''

''पोत्यावर.''

''आम्ही काय म्हणतो त्याला?''

''गोणी चीला.''

''मग? साहेबानं आपलीच गोणी नेली की!''

मला ती थट्टाच वाटली. पुढं शब्दांवरच पोट भरायला लागलो तेव्हा कळलं, की इंग्रजी लिखाणात 'गनी' 1711 मध्ये सापडतो आणि कोशकार त्याचं मूळ गोणीशीच नेऊन भिडवतात. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही तो आहे. ही गोणी ज्या तागाची, त्या तागाला इंग्रज 'जूट' म्हणतो, तेही बंगालीतून उचललेलं. आपली गोणी तर थेट पाणिनीच्या सूत्रात आहे, माल भरायचं साधन म्हणून. गंमत अशी, की पतंजलीनं 'गौः'चे अपभ्रंश सांगताना त्यातही एक 'गोणी' दिलीय. ती मात्र गाय! दिवाणजींना हे सांगायला हवं होतं. खळाळून हसले असते.

त्या दिवशी निघताना त्यांनी गल्ल्याखालची पुठ्ठा निघालेली डिक्शनरी माझ्या हातात दिली. मग खतावणी ओढली. वडिलांनी माल भरायला दुकानाची रिकामी पोती नेली होती, ती त्यांच्या नावावर मांडलेली होती. त्याच ओळीत दिवाणजींनी भर घातली: येणे बारदान 12, डिक्शनरी 1.

बारा पोती वडिलांनी सुगी सरताच झाडून, घड्या घालून परत केली.

डिक्शनरी अजून माझ्या टेबलावर आहे. 'गनी'समोर त्यांनी जांभळ्या पेन्सिलीनं कानडीत काहीतरी लिहिलंय.