पॅक शॉटच्या आधी

24 ऑक्टोबर 2025 रोजी जाहिरातकार पीयूष पांडे गेले. पुढचे कित्येक दिवस मुंबईतल्या जाहिरातवाल्यांच्या गप्पांत फेविकॉल होतं, पोलिओचे दोन थेंब होते, आणि फिरून फिरून येत होती ती कॅडबरीची क्रिकेटवाली फिल्म. प्रस्तुत लेखक मराठी-हिंदी जाहिरातींच्या स्क्रिप्ट लिहितो. सध्या त्याच्या हाताखाली एक मुलगी काम शिकते आहे. तिने ती फिल्म दोनदा पाहिली आणि विचारलं, “सर, चॉकलेटच्या जागी हिच्या हातात शेंगदाणे असते, तर काय बिघडलं असतं?”

तेव्हापासून लेखकाला दुसरं काही सुचत नाही.

फिल्म नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातली. फलंदाज 99 वर. चेंडू उंच उडतो, क्षेत्ररक्षक त्याच्याखाली जातो, प्रेक्षकांतली तरुणी हातातल्या चॉकलेटसकट श्वास रोखून बसते. षटकार! मग ती सुरक्षारक्षकाला हुलकावणी देऊन मैदानात शिरते आणि नाचत सुटते. फलंदाज लाजून चूर. महेश मथाई यांचं दिग्दर्शन, लुई बँक्स यांचं संगीत, शंकर महादेवन यांचा आवाज. गाण्याचे शब्द पांडे यांनी विमानात, बोर्डिंग पासच्या मागच्या बाजूवर लिहिले. ते राजस्थानकडून रणजी खेळलेले. 99 वर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत काय चाललेलं असतं, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नसणार.

चॉकलेट फिल्मभर आहे आणि त्याच्याविषयी अवाक्षर नाही. दूध किती, कोको कुठला, काही नाही. या धंद्यातली सगळ्यांत चिवट अडचण हीच आहे. वस्तू दाखवायची की नाही, हा प्रश्न नसतो; शेवटी पॅक शॉट, म्हणजे वस्तूचं पाकीट दाखवणारा शॉट, येणारच असतो. त्याच्या आधी त्या वस्तूला गोष्टीत काम काय, हा प्रश्न असतो. लेखकाने यावर रात्री जागवल्या आहेत. शिंप्याने अंगरख्यावर मागाहून ठिगळ लावावं तशी वस्तू आणून डकवलेल्या स्क्रिप्ट रोज वाचायला मिळतात, आणि त्या पहिल्या ओळीतच ओळखू येतात.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर लेखकाला काही दिवसांनी सापडलं. त्या काळी आपल्याकडे चॉकलेट हा पोरांचा खाऊ होता. बाबा कचेरीतून येताना आणणार, परीक्षेत पास झाल्यावर मिळणार. मोठ्यांनी खाल्लंच तर पोराच्या हातातला एक तुकडा. मोठ्यांना ते उघड खायला लावायचं, हे त्या मोहिमेचं काम होतं. भरल्या स्टेडियममध्ये चॉकलेट खाणारी तरुणी मोठ्या माणसांचा एक छोटा नियम आधीच मोडून बसलेली आहे. मैदानातला नाच हा त्याच नियमभंगाचा पुढचा टप्पा. शेंगदाणे खाणाऱ्या मुलीने कुठलाच नियम मोडलेला नसतो; ती नाचली असती तर नुसतीच वेडी दिसली असती.

2010 च्या सुमारास आलेली कॅडबरीच्याच ‘शुभ आरंभ’ मोहिमेतली बसथांब्यावरची फिल्म कारागिरीच्या दृष्टीने याहून घट्ट आहे. मुलगा अनोळखी मुलीकडे चॉकलेटचा तुकडा मागतो. चांगल्या कामाआधी गोड खावं असं आई सांगते म्हणतो. ती तुकडा देते आणि विचारते, काम कुठलं? तो म्हणतो, तुला घरी सोडावं म्हणत होतो. परीक्षेला निघताना तळहातावर दही-साखर घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ते लगेच कळतं. इथे चॉकलेट काढलं तर गोष्टच उरत नाही. तरी मनात राहते ती मैदानातली मुलगी. लेखकाला याचा थोडा राग येतो. घट्ट विणलेल्या कामापेक्षा मोकळं सोडलेलं काम जास्त टिकावं, हे कारागिराला सहज पचत नाही.

वस्तूला गोष्टीतून पूर्ण काढून टाकणारेही आहेत. 2006 मध्ये ब्रिटनमध्ये साल्मोनेलाच्या भीतीने कॅडबरीला दहा लाखांहून अधिक चॉकलेटं परत बोलवावी लागली. पुढच्याच वर्षी हुआन काब्राल यांनी फॅलन या एजन्सीसाठी दीड मिनिटाची फिल्म केली. जांभळ्या भिंतीसमोर एक गोरिला, फिल कॉलिन्सचं 1981 चं गाणं, बराच वेळ नुसती वाट पाहणं, आणि मग तो ड्रमवर तुटून पडतो. जांभळ्या रंगाखेरीज शेवटपर्यंत चॉकलेटचा मागमूस नाही. 2008 मध्ये तिला कानच्या जाहिरात महोत्सवाचं ग्रां प्री मिळालं.

अशी फिल्म आपण लिहावी, ही प्रस्तुत लेखकाची जुनी हाव आहे. गिऱ्हाइकाने माल घ्यावा याहून, दुसऱ्या लिहिणाऱ्यांनी हेवा करावा, हे सुख त्याला मोठं वाटत आलं आहे. परक्या घरात टीव्हीवर आपली जाहिरात लागली, की तो पडद्याकडे बघतच नाही. घरातल्यांचं बोलणं थांबतं का, ते बघतो.

मात्र गोरिला सगळीकडे चालला नसता. 2003 च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, महाराष्ट्रात कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनापर्यंत प्रकरण गेलं. कंपनीने काही काळ जाहिरातीच बंद ठेवल्या. 2004 च्या सुरुवातीला आतून अॅल्युमिनियमचं, बाहेरून बंद प्लास्टिकचं नवं वेष्टन आलं आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. त्या वेळी वेष्टन हीच गोष्ट होती. त्याच्या भोवती कथा रचली असती तर लोकांनी ती फसवणूक मानली असती, आणि ते बरोबरच होतं. शंका दूर झाल्यावरच ‘कुछ मीठा हो जाए’ या घोषवाक्याला वाव मिळाला आणि चॉकलेट मिठाईच्या ताटात जाऊन बसलं.

आता मोबाइलवर पाच सेकंदांत जाहिरात वगळायचं बटण येतं, म्हणून पाकीट त्या पाच सेकंदांत हवं असा आग्रह असतो. लेखकाला हा आग्रह आळशीपणाचा वाटतो. किटकॅटवाल्यांनी पाकीट आधी दाखवूनही दशकानुदशकं चांगलं काम केलं, कारण त्यांनी चॉकलेट मोडण्यालाच विश्रांतीची खूण करून टाकलं. तिथे वस्तूला काम आहे. 2021 मध्ये शाहरुख खानच्या तोंडी कृत्रिम बुद्धिमत्तेने गल्लीतल्या दुकानांची नावं घालणारी कॅडबरीची जाहिरात आली, तिलाही 2022 मध्ये कानला टायटॅनियम लायन मिळाला. टाळेबंदीने मोडलेल्या दुकानदाराला त्यातून हात मिळाला, याचा लेखकाला मनापासून आदर आहे. पण त्या फिल्मची नक्कल करणारे कल्पनेऐवजी तंत्रच विकत घेत सुटले आहेत.

त्याच 2021 मध्ये ती क्रिकेटची फिल्म पुन्हा केली गेली. बॅट मुलीच्या हातात, नाचणारा मुलगा, चाल तीच. बाईच्या यशावर पुरुषाने असं बेभान नाचावं, हे पाहून डोळे भरून येतात. चॉकलेट मात्र आता कुठलाच नियम मोडत नाही. मोठ्या माणसाने ते खाण्याचं कुणाला काही वाटत नाही. ते काम जुन्या फिल्मने कधीच करून ठेवलं. आज मोठ्या माणसाचा हात थबकतो तो रक्तातल्या साखरेच्या आकड्यापाशी, आणि त्या थबकण्यावर कुणी प्रामाणिक फिल्म केलेली अजून प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.