वढील रं, पण थांबंल का?

मामांची नवी होडी सोलापुरात एका वेल्डिंगवाल्याकडे तयार झाली. लोखंडी पत्र्याची, चाकांच्या ट्रॉलीसकट टनभर तरी भरेल! न्यायची उजनीच्या करमाळ्याकडच्या काठावर. मी छाती फुगवून म्हटलं, "मामा, टेम्पोचं भाडं कशाला? माझी गाडी आहे की!" दीड वर्ष ईएमआय भरतोय, काहीतरी वसूल नको?

मामा बॉनेटकडे बघत म्हणाले, "वढील रं, पण थांबंल का?"

रात्री पहिल्यांदाच गाडीचं मॅन्युअल नीट वाचलं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मर्यादा फक्त चारशे किलो! उतारावर मागचा टनभर बोजा गाडीलाच ढकलणार. त्यात हुकवरचा भार मागची बाजू दाबतो, पुढची हलकी करतो. आणि माझी गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली की काठाला नुसता गाळ. चाकं जागेवरच फिरणार. या कामाला वजनदार, लॅडर फ्रेमची, लो-रेशोवाली फोर बाय फोर डिझेल गाडी हवी. आपल्या ऑफिसच्या पार्किंगमधल्या बहुतेक एसयूव्ही नुसत्या दिसायलाच दणकट, सॉरी!

१९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात आजोबांची जमीन गेली. आता त्याच पाण्यातल्या माशांवर मामांचं घर चालतं. होडीसाठी मामीच्या पाटल्या गहाण आहेत. त्यावर माझी हौस?

होडी टेम्पोनंच गेली. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ती अलगद पाण्यात सोडली. मी मागून आलो, डिकीत जाळी आणि शेंगाचटणी-भाकरीचा डबा घेऊन.