सतराव्या सकाळचे स्तोत्र

घरी आपण पवित्र शास्त्र उघडतो ते बहुधा आवडीच्या पानावर. स्तोत्र २३, नाहीतर १२१. बोटांना वाट पाठ झालेली असते.

अँग्लिकन दैनिक उपासनेत ही निवड आपल्या हाती नाही. १५४९ साली इंग्लंडात साधारण प्रार्थनेचे पुस्तक निघाले, तेव्हा थॉमस क्रॅन्मर यांची तक्रारच अशी होती की शास्त्रातली पुस्तके वाचायला घेतात, पण पुरी करीत नाहीत. म्हणून अध्याय दिवसांना नेमून दिले. सकाळी दोन पाठ, संध्याकाळी दोन. पहिला जुन्या करारातला, दुसरा नव्या. दीडशे स्तोत्रेही तीस दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटली. (३१ तारखेला तिसाव्या दिवसाचीच पुन्हा!)

त्या वाटणीत सतरा तारखेच्या सकाळी स्तोत्र ८८ येते. हेमानाचे हे गाऱ्हाणे शेवटपर्यंत उजळत नाही, अंधारातच थांबते. घरी लग्न असो की मरण, तारीख आली की ते म्हणायचे.

असली स्तोत्रे गाळा, लोकांना उभारी हवी, असे मंडळीत कोणी ना कोणी म्हणतेच. आम्हांला ते पटत नाही. जिच्या घरातून नुकतीच प्रेतयात्रा निघाली, त्या बहिणीच्या तोंडून स्तुतिगीत फुटत नाही. त्या सकाळी तिचे रडणे सगळी मंडळी आपल्या तोंडाने म्हणते. तिला हसरा चेहरा करून बसावे लागत नाही.

आणि त्या अंधाराच्या शब्दानंतर, इतर प्रत्येक स्तोत्रानंतर म्हणतात तसेच, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे गौरव म्हटले जाते. मध्ये कोणी काही समजावून सांगत नाही.