बाळ बघायला कधी येऊ?

गेले तीन आठवडे हा एकच प्रश्न फोनवर येतो आहे. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे नातेवाईकही वाचतील आणि ब्लॉगवाली मित्रमंडळीही.

पुतणीला तिसाव्या आठवड्यातच मुलगा झाला. वजन १२५० ग्रॅम. ठाण्याच्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत आहे. मी डोंबिवलीहून डबा घेऊन जाते आणि बाहेरच्या बाकावर बसते. मलाही आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आईच्या रक्तातली जंतूंशी लढणारी द्रव्यं बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. हा गडी ते पुरतं व्हायच्या आधीच निघाला. त्यात कातडी कागदासारखी पातळ, शिवाय अंगात सलाइनची सुई. आपल्या हाताला लागलेलं आपल्याला काही करत नाही, पण त्याला पुरतं.

दुसऱ्या आठवड्यात तसं झालंच. मोठ्या माणसासारखा ताप आला नाही, उलट अंग गार पडलं, दूध पचेना, श्वास मधेच थांबायला लागला. रक्ताच्या तपासणीत सीआरपी वाढलेला निघाला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला 'इन्फेक्शन' आणि 'इन्फ्लमेशन' यांतला फरक समजावला. जंतू शिरतात तो संसर्ग, आणि त्यांच्याशी लढताना शरीर पेटतं तो दाह. बोटात काटा मोडला की लाल होऊन ठणकतं ना, तेच. आपल्यात ते बोटापुरतं राहतं. एवढ्याशा जिवात ते रक्तातून सगळीकडे जातं, आणि ज्यांची घडण अजून चालू आहे त्यांनाच झळ बसते: मेंदू, फुप्फुसं, आतडी, डोळ्यांचे पडदे. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पण दाहाने केलेलं नुकसान कधीकधी मागे राहतं. मला वर्गातली काही मुलं आठवली. पाय ताठ टाकत चालणारी, जाड चष्म्याची. त्यांच्यातल्या एकदोघांच्या आया सांगायच्या, "सातव्या महिन्यात झालाय हो."

आता जरा स्पष्ट लिहिते. "जिने फार चढली", "ग्रहण पाळलं नाही" असं दोघींनी मला ऐकवलं. पुष्कळदा गर्भाच्या आवरणांतच जंतुसंसर्ग होतो आणि त्या दाहानेच कळा लवकर सुरू होतात. कधी कारण सापडतही नाही. जिन्याचा आणि ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. हे तिच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ आहे.

दुसरी कुरबुर दुधाची. पहिले काही दिवस तिला पुरेसं दूध येईना, म्हणून दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध नळीने दिलं. "परक्या बाईचं?" म्हणे! अहो, आपल्याच लाइनवर सायनला, लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली पहिली. देणाऱ्या आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून थंड करतात. तापवल्याने थोडे गुण जातात, म्हणून स्वतःच्या आईचं ते पहिलं; पण पावडरच्या दुधापेक्षा हे केव्हाही बरं. आतड्यांच्या दाहाचा एक भयंकर आजार अशा बाळांना होतो, त्याचं प्रमाण आईच्या दुधावर कमी असतं. आता तिला दूध यायला लागलं आहे.

मोठी यंत्रं हवीतच असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. बाळाचं अंग गार पडणं, दूध ओढणं कमी होणं, ही लक्षणं त्या ओळखायला शिकल्या, घरी जाऊन इंजेक्शन द्यायला शिकल्या. ३९ गावांतला तो प्रयोग १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

तर मंडळी, यायचं नाही. सोयर दहा दिवसांचं असायचं, हे जरा लांबेल. बारसंही नंतर. कुणीतरी चाटवायला मध पाठवला आहे, तो मी माझ्या लिंबूपाण्यात संपवते आहे. खोकला-सर्दी नसलेल्या कुणी रात्रीच्या डब्याची पाळी घेतली तर मला हवीच आहे. पुतणीला दुपारी दोन ते चार फोन करू नका, तेव्हा बाळाला तिच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवतात. तसं ठेवलेल्या बाळांना संसर्गही कमी होतो.

अँटिबायोटिक काल बंद केलं. श्वास थांबणं दोन दिवसांत नाही. पुढच्या आठवड्यात मेंदूची सोनोग्राफी आहे, टाळूवरून करतात ती. काय येतं ते इथेच लिहीन.