मांडव उतरल्यावर

आमच्या घराण्यात आजवर शिक्षक झाले, वकील झाले, दोघेतिघे बँकेतून निवृत्त झाले. परंतु इतरांची कार्ये पार पाडून देणे हा चरितार्थाचा मार्ग म्हणून कोणी पत्करला नव्हता. त्यामुळे अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात चार वर्षे नोकरी केलेल्या आमच्या पुतणीने, ती नोकरी सोडून बेळगावात ‘इव्हेंट प्रोजेक्ट मॅनेजर’ म्हणून स्वतंत्र व्यवसाय करण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा टिळकवाडीतल्या आमच्या घरात काही क्षण कोणीच बोलेना. अखेर तिच्या आजीने विचारले, “मांडव घालायला इंजिनियर कशाला व्हायला हवं होतं गं?”

प्रश्नात रोष नव्हता, काळजी होती. मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते, तिच्या वडिलांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि ठरल्या तारखेस येणारा पगार सोडून ती लग्नसराईच्या भरवशावर उभी राहू पाहत होती.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी एक वही आमच्यापुढे ठेवली. आठशे श्रोत्यांच्या एका दिवसाच्या साहित्य संमेलनाचा आराखडा तिने नमुन्यादाखल मांडला होता. कडोली, उचगाव, येळ्ळूर, निपाणीकडील कारदगा अशा गावांतून अशी संमेलने भरत आल्यामुळे सीमाभागातील मराठी माणसाला हा विषय परका नाही. वहीची पहिली ओळ मात्र ग्रंथदिंडीची नव्हती. ‘मैदान झाडून मालकाच्या ताब्यात’ ही ती ओळ. तेथून ती एकेक दिवस मागे येत होती.

“काका, शेवटाकडून मागे मोजत आलं की आज काय करायचं ते कळतं. कोणतं काम अडलं तर पुढची किती कामं अडतील, तेवढं आधी पाहायचं.”

पोलिसांच्या परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये, निमंत्रणपत्रिका मराठीत. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, म्हणून शेवटचे कविसंमेलन साडेआठलाच सुरू. वीज गेली तर जनित्र, पाऊस आला तर जवळचे सभागृह. पिण्याचे पाणी, स्त्रियांची स्वच्छतागृहे, वृद्धांच्या खुर्च्या. आणि खर्चाचा दहावा हिस्सा अनपेक्षितासाठी राखीव. मांडव हा शब्द तिसऱ्या पानावर आला. आजींना आम्ही ते पान वाचून दाखविले.

ती वही वाचताना आम्हांस आपल्याच गावाची आठवण झाली. राष्ट्रसभेचे एकोणचाळिसावे अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी बेळगावात भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविले असे ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने ‘विजयनगर’ नावाचे एक तात्पुरते नगरच येथे उभे राहिले. पाण्यासाठी विहीर खोदावी लागली. तिचे नाव ‘पंपा सरोवर’ ठेवले. ती काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. डॉ. ना. सु. हर्डीकर यांचे स्वयंसेवक व्यवस्थेस होते.

अधिवेशन संपल्यावर गांधीजींनी ‘यंग इंडिया’मध्ये आपले अनुभव लिहिले. व्यवस्थेची आणि स्वयंसेवकांची त्यांनी मनापासून स्तुती केली. पण आपल्यासाठी साधी झोपडी न उभारता खादीचा महाल उभारल्याबद्दल तक्रार केली, आणि सांडपाण्याच्या विल्हेवाटीतील उणीवही दाखवून दिली. देशाच्या प्रश्नांचा भार शिरावर असलेला अध्यक्ष गटाराकडे पाहतो, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे १९२९, १९४६ आणि २००० साली बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. १९४६ सालचे संमेलन संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावासाठी इतिहासात नोंदले गेले. अध्यक्षांची नावे आपल्या ओठांवर असतात. पाहुण्यांच्या स्नानासाठी पहाटे पाणी कोणी तापविले, ते कोणी लिहून ठेवीत नाही.

तरी या व्यवसायाचा खरा भार पाण्याचा वा जेवणाचा नाही, माणसांच्या जिवाचा आहे. ४ जून २०२५ रोजी बेंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण प्राणांस मुकले. त्या रात्री आमची पुतणी जेवली नाही. “किती माणसं येणार आणि दारं किती, हे दोन आकडे जुळत नसतील तर ‘हा कार्यक्रम होणार नाही’ असं म्हणता आलं पाहिजे,” एवढेच ती म्हणाली. थांबविणे हाही या कामाचाच भाग आहे. १९२४ च्या शताब्दीनिमित्त डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावात मोठी तयारी झाली होती. २६ तारखेच्या रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशीची जाहीर सभा रद्द करावी लागली. ती पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी झाली. उभा केलेला पसारा एका रात्रीत आवरता घेण्याचेही एक शास्त्र असले पाहिजे.

येथवर घरातील सर्वांचे एकमत झाले. मतभेद उरला तो पैशाचा. आमच्या एका आप्तांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे काम तिने अंगावर घेतले होते. सोहळा उत्तम झाला. चौथ्या दिवशी तिने पावत्यांसह हिशेब आणि उरलेली रक्कम पाठविली. सोबत स्वतःच्या मेहनतान्याचे बिलही. आप्तांचा फोन आला, “घरचंच कार्य की! घरच्या मुलीनं बिल लावायचं?” आचाऱ्याला, फुलवाल्याला, वाजंत्रीवाल्यांना पैसे मिळाले होते, दीड महिना राबलेल्या मुलीने मात्र आशीर्वादावर समाधान मानावे अशी अपेक्षा होती. तिने आवाज चढविला नाही, पण बिल मागेही घेतले नाही. तीन आठवड्यांनी पैसे आले. आप्त मात्र अजून आमच्याकडे फिरकलेले नाहीत. तिच्या आईला ते लागले. पुढील काम त्याच सोहळ्यास आलेल्या एका कुटुंबाने दिले, आणि तो व्यवस्थित हिशेब पाहूनच दिले.

सेवा आणि व्यवसाय यांत आपल्या समाजाने आजवर गल्लत करू नये तेवढी केली आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोठेही पाहा. आपली मंडळे, गणेशोत्सव आणि संमेलने स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभी आहेत. ते श्रम पवित्र आहेत, कारण ते स्वेच्छेने दिलेले असतात. परंतु ज्याने ते काम उपजीविका म्हणून पत्करले, त्याच्याकडून ते फुकट मागणे ही सेवा नव्हे, ती केवळ आपली सोय आहे. घरची माणसे मोल देत नाहीत म्हणून मग हीच मुले परमुलुखी जातात, आणि आपण ‘कार्यकर्ते मिळत नाहीत’ म्हणून हळहळतो.

वाचकहो, आपल्या घरी मुंज, लग्न वा षष्ट्यब्दीपूर्ती ठरली आणि आपल्यातलीच एखादी मुलगी वही घेऊन दाराशी आली, तर तिला चहा अवश्य द्या, तिच्या आईवडिलांची विचारपूस करा. पण विसार दिल्यावाचून तिला परत पाठवू नका. आणि मांडव उतरल्यावर तिने हिशेब पुढे ठेवला, की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शेवटच्या ओळीत तिचे स्वतःचे नाव असेल.